मुठीतील दांडी : एका खेळसाधनाचा इतिहास

सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री आणि गवयाचा तानपुरा या वस्तू बाजारात विकत मिळतात. परंतु तेवढ्याने त्या घेणाऱ्याच्या होत नाहीत. रंध्याचे पाते पुनःपुन्हा घासून हाताच्या सवयीला आणावे लागते. तानपुऱ्याच्या घोडीवर सुताचा धागा सरकवून जवारी लावावी लागते. मगच ते साधन धन्याचे ऐकू लागते. साधन विकत घेणे आणि ते आपलेसे करणे या दोन भिन्न गोष्टी होत, हे कारागिरांस व कलावंतांस फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गेल्या चाळीस वर्षांत या जुन्या अनुभवाचा प्रत्यय एका अगदी अनपेक्षित ठिकाणी पुन्हा आला. ते ठिकाण म्हणजे व्हिडिओ-खेळांतील द्वंद्वयुद्धे. आणि ते साधन म्हणजे दांडी व बटणे बसविलेली, मांडीवर किंवा मेजावर ठेवून खेळावयाची पेटी. जगभरचे खेळाडू तिला ‘आर्केड स्टिक’ म्हणतात. ही पेटी उघडावी, तिच्यातील भाग बदलावे, तारा नव्याने जोडाव्यात आणि ती आपल्या हाताजोगी करून घ्यावी, अशी एक परंपराच या खेळाडूंमध्ये निर्माण झाली आहे. वरवर पाहता हा मुलांचा छंद दिसतो. परंतु त्याच्या इतिहासात यंत्राच्या मालकीचा आणि खेळातील न्यायाचा प्रश्न दडलेला आहे.

या दांडीचा जन्म घरात झाला नाही. तो सार्वजनिक जागेत झाला. नाणे टाकून खेळावयाची विद्युत्-यंत्रे १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत व जपानात रस्तोरस्ती दिसू लागली. आरंभी त्यांची साधने अगदी साधी होती. जपानच्या नामको कंपनीने १९८० साली काढलेला ‘पॅकमॅन’ हा खेळ खेळण्यासाठी बटणाची गरजच नव्हती. चार दिशांना वळणारी एक दांडी पुरत असे. पुढे खेळांची संख्या वाढली, तशी यंत्रांच्या मालकांची अडचणही वाढली. प्रत्येक खेळाच्या तारांची जोडणी निराळी असल्यामुळे खेळ बदलावयाचा म्हणजे यंत्राचे पोट नव्याने बांधावे लागे. तेव्हा जपानमधील करमणूक-यंत्रांच्या उत्पादकांच्या संघाने १९८५ साली जोडणीचे एक प्रमाण ठरवून दिले. ५६ टोकांच्या या जोडणीस संघाच्या आद्याक्षरांवरून ‘जामा’ असे नाव पडले. कपाट तेच ठेवून आतील सर्किट-बोर्ड तेवढा काढावा, दुसरा बसवावा, की नवा खेळ सुरू, अशी सोय त्यामुळे झाली.

ही सोय होते न होते तोच तिला आव्हान देणारा खेळ आला. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९८७ साली ‘स्ट्रीट फायटर’ प्रसिद्ध केला. त्याच्या मोठ्या यंत्रावर दांडीशेजारी रबराच्या दोन जाड गाद्या बसविलेल्या होत्या; एक ठोशासाठी, एक लाथेसाठी. गादीवर जितक्या जोराने मारावे तितका पडद्यावरील योद्ध्याचा घाव जबर, अशी कल्पना होती. कल्पना नामी खरी, परंतु खेळणाऱ्याचा हात आणि मालकाची गादी या दोघांनाही ती जड जाणारी होती. म्हणून त्या गाद्यांच्या जागी सहा बटणे आली. हलका, मध्यम व जबर असे तीन ठोसे आणि तशाच तीन लाथा यांची ही मांडणी १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ने जगभर रूढ केली. मात्र ‘जामा’च्या ठरीव जोडणीत प्रत्येक खेळाडूस सहा बटणांपुरती जागा नव्हती. ठोशांच्या तारा त्या जोडणीतून जात; लाथांसाठी तारांचा आणखी एक झुपका स्वतंत्रपणे ओढावा लागे. दांडी व बटणांच्या पटावर निराळी छिद्रे पाडून, तारा ओढून तो सुधारून घेण्याचे काम जगोजागीच्या दुरुस्ती करणाऱ्यांस तेव्हाच करावे लागले. या साधनातील फेरफाराची परंपरा म्हणजे काही घरगुती खेळाडूंची लहर नव्हे. तिचे पहिले कारागीर हे नाव-गाव नसलेले फिटर होते.

‘स्ट्रीट फायटर २’ने हाताकडून जी मागणी केली, ती पूर्वीच्या खेळांनी केली नव्हती. अग्निगोळा फेकावयाचा तर दांडी प्रथम खाली, मग खाली-पुढे, मग पुढे अशी पाव वर्तुळातून फिरवून नेमक्या क्षणी ठोशाचे बटण दाबावे लागे. त्यातच एका अपघाताची भर पडली. खेळाची तपासणी चालू असताना निर्माते नोरिताका फुनामिझु यांस असे आढळले की, एका घावाची हालचाल पुरी होण्यापूर्वीच दुसरा घाव जोडता येतो. तो दोष काढून टाकण्याऐवजी तसाच राहू देण्यात आला. कारण ती जुळणी इतकी अवघड होती, की ती फारशी कोणाला साधणार नाही असे वाटले होते. प्रत्यक्षात खेळाडूंनी ती साध्य केली, आणि घावांची अशी साखळी गुंफणे हाच पुढे या सर्व खेळप्रकाराचा प्राण होऊन बसला. पडद्यावरील चित्र सेकंदास ६० वेळा बदलते. साखळीतील एखादा दुवा अशा दोन-तीन चित्रांच्या अवधीत, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या हिश्शात, जुळवावा लागतो. एवढ्या सूक्ष्म अवधीत खटका लागला की नाही, दांडी कोपऱ्यापर्यंत पोहोचली की नाही, हे बोटांस कळणे अगत्याचे होते. साहजिकच खेळाडूंचे लक्ष पडद्यावरून हातातल्या साधनाकडे वळले.

हे साधन आतून कसे असते ते पाहिले, म्हणजे त्यात फेरफार करणे इतके सुलभ का झाले ते ध्यानात येते. दांडीच्या बुडाशी चार दिशांना चार मायक्रोस्विच, म्हणजे सूक्ष्म खटके बसविलेले असतात. दांडी झुकली की तिच्या टोकाचे नळकांडे त्या बाजूचा खटका दाबते. तिरकी झुकली की शेजारचे दोन खटके एकदम दाबले जातात. अशा रीतीने चार खटक्यांतून आठ दिशा निर्माण होतात. मध्यभागी स्प्रिंग असते. ती दांडीस पुन्हा जागेवर आणते. सर्वांत खाली एक प्लास्टिकची चौकट असते व दांडीने किती झुकावे याची मर्यादा ती ठरविते. प्रत्येक बटण हाही एक खटकाच. त्याच्या एका पायास सर्वांना सामाईक असलेली तार व दुसऱ्या पायास स्वतःची तार जोडावयाची. या जोडण्या बहुधा झाळलेल्या नसतात. पितळी चिमट्यांनी बसविलेल्या असतात. बटण खराब झाले तर चिमटे ओढावेत, बटण दाबून बाहेर काढावे, नवे बसवावे, आणि गिऱ्हाईक ताटकळण्यापूर्वी यंत्र पुन्हा चालू करावे, हा त्यामागील हेतू होता. खेळाडूस पुढे जे स्वातंत्र्य लाभले, ते मुळात दुकानदाराच्या निकडीतून आलेले होते.

या साधनाच्या घडणीत देशोदेशींचे संप्रदायही पडले. जपानी दांडीच्या माथ्यावर गोटी असते. सानवा देन्शी या कंपनीच्या दांडीची गोटी ३५ मिलिमीटर व्यासाची आणि तिची मुख्य बटणे ३० मिलिमीटरच्या छिद्रात बसणारी. बटणाचा पृष्ठभाग अत्यंत हळवा. बोट टेकले की खटका लागावा इतका. सेइमित्सु ही दुसरी जपानी कंपनी; तिची दांडी थोडी ताठ, म्हणून काहींना ती अधिक भरवशाची वाटते. अमेरिकी यंत्रांवर हॅप कंपनीची साधने रूढ होती. त्यांच्या दांडीचा माथा लांबट, पूर्ण मुठीत धरण्याजोगा; बटणे अंतर्गोल, २८ मिलिमीटरहून किंचित मोठ्या छिद्रात मागून चाकी आवळून बसविलेली आणि जोराचा मारा सोसणारी. कोरियात तिसराच प्रकार रुळला. तेथील दांडीत स्प्रिंगच्या जागी रबराचे कडे असते. त्यामुळे सोडलेली दांडी फारशी न थरथरता मध्यावर येते. ‘टेकन’ या १९९४ साली सुरू झालेल्या खेळमालिकेत मागे सरकण्याची एक झटपट युक्ती कोरियाच्या नावाने ओळखली जाते. तिच्यासाठी दांडी वारंवार मध्यावर यावी लागते, आणि रबराचे कडे नेमके तेच काम चोख करते. साधन जसे हातास घडविते, तसा हातही साधनास घडवितो, याचे हे बोलके उदाहरण होय.

चौकटीच्या आकारावरूनही खेळाडूंत मतभेद आहेत. जपानी दांडीची चौकट बहुधा चौरस असते. तिच्या चार कोपऱ्यांत तिरक्या दिशा येतात, आणि कोपरा हातास लागला की दिशा पक्की झाली असे समजते. अष्टकोनी चौकटीत आठही दिशांना खाच जाणवते. वर्तुळाकार फेरा अधिक गुळगुळीत होतो, परंतु कोपऱ्याची खात्री काहीशी उणावते. ही चौकट काढून दुसरी घालण्यास काही मिनिटे पुरतात. कोणी स्प्रिंग अधिक ताठ घालतो. कोणी नळकांडे जाड बसवितो, म्हणजे दांडी थोडी झुकताच खटका लागतो. कोणी रात्री घरच्यांची झोप मोडू नये म्हणून बटणांच्या आत मऊ फोम घालतो. पेटीचे दर्शनी पान उघडून पारदर्शक तावाखाली स्वतः काढलेले चित्र घालण्याची रीतही सर्वत्र पसरली. यातील एकाही फेरफाराने खेळातील योद्ध्याचे बळ वाढत नाही. वाढते ती खेळाडूच्या मनातील हेतू आणि पडद्यावरील कृती यांतील जवळीक.

ही जवळीक धोक्यात आली ती खेळ घरात शिरल्यावर. घरगुती यंत्राबरोबर येणारी लहानशी हातपट्टी दोन्ही अंगठ्यांनी चालवावयाची असते. तीवरही उत्तम खेळणारे निपजले. तथापि ज्यांचा हात सार्वजनिक यंत्रावर तयार झाला होता, त्यांस ती परकी वाटली. एस्‌एन्‌के कंपनीने १९९० साली आपल्या ‘निओ जिओ’ या घरगुती यंत्रासोबत दांडी व बटणांची भक्कम पेटीच दिली. पण ते यंत्र महागडे होते. इतरत्र मिळणाऱ्या स्वस्त पेट्यांतील खटके लवकर ढिले पडत. इकडे सार्वजनिक खेळघरांस उतरती कळा लागली. अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकाअखेर ती झपाट्याने बंद पडू लागली. जपानमध्येही १९८६ साली २६ हजारांच्या घरात असलेली त्यांची संख्या २०१९ पर्यंत ४ हजारांच्या आसपास आली. सेगासारख्या नामवंत कंपनीने २०२२ च्या आरंभी खेळघरांच्या धंद्यातून आपले अंग पूर्णपणे काढून घेतले. ज्या जागेत ही कला वाढली, ती जागाच नाहीशी होत होती. आता ही कला टिकावयाची तर तिचे साधन घरी नेणे भाग होते.

हे काम खेळाडूंनी स्वतः केले. त्यांची युक्ती मोठी साधी होती. कोणत्याही हातपट्टीच्या पोटात एक सर्किट-बोर्ड असतो. प्रत्येक बटणाखाली त्यावर दोन स्पर्शबिंदू असतात, व बटण दाबले की ते एकमेकांस जोडले जातात. हातपट्टीचे कवच फोडून त्या बिंदूंस बारीक तारा झाळावयाच्या आणि त्यांची दुसरी टोके खऱ्या दांडीच्या व बटणांच्या खटक्यांस जोडावयाची. यंत्रास वाटते, आपली नेहमीची हातपट्टीच बोलत आहे. खेळाडूच्या हातात मात्र खेळघरातील दांडी असते. सर्व बिंदूंना सामाईक तार असलेली हातपट्टी मिळाली तर काम सोपे. नसली तर तारांचे जाळे वाढे. डाखाचा एक थेंब शेजारच्या बिंदूवर ओघळला की सगळा बोर्ड फुकट जाई. फळीला छिद्रे पाडणे, पेटीचे कोपरे जुळविणे, लाकडास रंग देणे ही कामेही ज्याची त्यानेच करावयाची. ज्यांनी कधी डाखाचे हत्यार हातात धरले नव्हते अशा तरुणांनी या निमित्ताने सुतारकाम व विद्युत्-काम दोन्ही शिकून घेतले, ही त्या काळाची एक अलक्षित कमाई म्हटली पाहिजे.

या घरगुती उद्योगास सार्वजनिक महत्त्व आले ते स्पर्धांमुळे. कॅलिफोर्नियातील सनिव्हेल येथे १९९६ साली सुमारे ४० खेळाडूंची एक स्पर्धा भरली होती. तिचेच पुढे वाढत वाढत २००२ साली ‘इव्होल्यूशन’, किंवा थोडक्यात ‘इव्हो’, असे नामांतर झाले. २००४ साली चालकांनी सार्वजनिक यंत्रे बाजूस सारून घरगुती यंत्रांवर सामने घेण्याचा निर्णय केला. त्यावर बरीच टीका झाली, आणि ती समजण्यासारखी होती. यंत्र एकच असले म्हणजे दोघांची दांडीही यंत्राच्या मालकाची असते. तक्रार करावयाची तर दोघांनीही सारखीच. आता प्रत्येकाने आपले साधन आपण आणावयाचे ठरले. खेळाच्या पटावरील समता तशीच राहिली, परंतु साधनांत वैयक्तिकता शिरली.

त्याच वर्षी त्याच स्पर्धेत जो प्रसंग घडला, तो या खेळाच्या इतिहासात अजरामर झाला आहे. ‘स्ट्रीट फायटर ३’च्या तिसऱ्या आवृत्तीचा सामना जपानचा दाइगो उमेहारा व अमेरिकेचा जस्टिन वाँग यांच्यात चालू होता. उमेहाराच्या योद्ध्याचे आयुष्य एका घावापुरते उरले होते. अशा वेळी वाँगने १५ लाथांचा महाघाव सोडला. नुसते अडवून भागणार नव्हते, कारण या खेळात अडविलेला महाघावही आयुष्याचा लहानसा अंश खातोच. उरला एकच उपाय : प्रत्येक लाथ येऊन भिडण्याच्या नेमक्या क्षणी दांडीस पुढे हलका टिचका देऊन ती लाथ परतवावयाची. उमेहाराने पंधराच्या पंधरा लाथा परतविल्या. शेवटची तर हवेत उडी घेऊन परतविली, आणि प्रतिघावांची साखळी गुंफून ती फेरी जिंकली. त्या वर्षीचे विजेतेपद त्याला मिळाले नाही, तरी लोकांच्या स्मरणात राहिला तो हाच क्षण. सभागृहातील आरोळ्यांत यंत्राचा आवाज ऐकू येणे कठीण झाले असता हाताने ताल सोडला नाही, हे तेथील प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिले.

यानंतर पाच वर्षांनी बाजारही जागा झाला. ‘स्ट्रीट फायटर ४’ हा खेळ २००९ च्या फेब्रुवारीत घरगुती यंत्रांवर आला, आणि त्याबरोबर मॅड कॅट्झ या कंपनीने दोन पेट्या विक्रीस काढल्या. महाग पेटीत सानवाची अस्सल दांडी व बटणे होती. स्वस्त पेटीत कंपनीची स्वतःची साधने. परंतु स्वस्त पेटीची घडणही अशी होती की, तिच्यात सानवाचे भाग बसविता येत. अल्पावधीतच स्वस्त पेटी घ्यावयाची, सुटे भाग मागवावयाचे आणि संध्याकाळी घरी बसून ती बदलावयाची, हा तरुण खेळाडूंचा परिपाठ झाला. पूर्वी हे भाग तोक्योच्या अकिहाबारा पेठेतून मिळवावे लागत; आता ते टपालाने जगभर जाऊ लागले. कंपन्यांचे नशीब मात्र चंचल असते. मॅड कॅट्झचे २०१७ साली दिवाळे निघाले. तिच्या पेट्या पुढेही चालत राहिल्या, कारण त्यांतील झिजणारा प्रत्येक भाग बदलता येण्याजोगा होता. कंपनी बुडाल्यावरही तिची वस्तू जगावी, ही दुरुस्तीयोग्य घडणीची किमया होय.

दुसरी अडचण दांडीत नव्हती. ती यंत्रांच्या आपसातील भाषेत होती. एका कंपनीच्या यंत्रास दुसऱ्या कंपनीची पेटी समजत नसे. पुढे कंपन्यांनी त्यावर कुलूपही घातले. मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स ३६०’ या यंत्रास हातपट्टीकडून गुप्त ओळख पटवून घ्यावी लागे. म्हणून खेळाडू अस्सल हातपट्टीचा बोर्ड पेटीत बसवीत, त्याच्या शेजारी दुसऱ्या यंत्राचा बोर्ड ठेवीत, आणि एका खटक्याने हवा तो निवडीत. सोनीच्या २०१३ मधील ‘प्लेस्टेशन ४’वर अनोळखी पेटी जोडली तर ती ८ मिनिटांनी आपोआप तुटे. ऐन सामन्यात असे घडले तर काय होईल हे सांगावयास नको. या कुलुपांमागे कंपन्यांचा परवान्याचा व्यवहार होता. पण ज्याने पेटी विकत घेतली, तिच्या तारा ओढल्या, तो तिचा मालक की नाही, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. त्याचे उत्तर छांदिष्टांनी व लहान कारखानदारांनी आपल्या परीने दिले : अनेक यंत्रांच्या भाषा बोलणारे बोर्ड निघाले. २०२१ साली ‘रास्पबेरी पाय पिको’ हा अत्यंत स्वस्त बोर्ड बाजारात आला, आणि त्यावर चालणारी ‘जीपी २०४०’ ही आज्ञावली कोणीही पाहावी, सुधारावी व वापरावी अशा रीतीने खुली ठेवण्यात आली. काही लढतीच्या खेळांच्या निर्मात्यांनीही नव्या यंत्रावर जुन्या पेट्या चालाव्यात अशी तजवीज आपल्या खेळांत करून ठेवली. दुकानदाराच्या निकडीतून आलेला मोकळेपणा अशा रीतीने आता जाणीवपूर्वक जपला जाऊ लागला.

परंतु मोकळेपणास मर्यादा असते काय, हा खरा कसोटीचा प्रश्न अजून यावयाचा होता. तो आणला दांडीवाचूनच्या पेटीने. ‘हिट बॉक्स’ या नावाची अशी पेटी २०१० नंतर प्रसार पावली. तिच्यात दांडी नाहीच. डाव्या हाताच्या बोटांखाली डावी, खालची व उजवी या दिशांची तीन बटणे आणि अंगठ्याखाली उडीचे बटण. दांडीस डावीकडून उजवीकडे जाताना मध्यातून प्रवास करावा लागतो. बोटास तो करावा लागत नाही. हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्यांस यावरून एक जुना वाद आठवेल. तंतुवाद्यावर एका स्वरातून दुसऱ्या स्वराकडे मींडेने जाता येते; पेटीवर स्वरांच्या पट्ट्या सुट्या, म्हणून उडी मारूनच जावे लागते. या व अशा आक्षेपांवरून १९४० साली आकाशवाणीवर हार्मोनिअमला बंदी झाली, आणि ती सैल होण्यास १९७१ साल उजाडले. संगीतात मधला प्रवास हे वैभव होते, म्हणून तो न साधणारी पेटी उणी ठरली. लढतीच्या खेळात मधला प्रवास हा विलंब होता, म्हणून तो गाळणारी पेटी अतिसमर्थ ठरली. वाद एकच, बाजू तेवढ्या उलट.

त्यातही एक बारकावा होता. दांडी एकाच वेळी डावीकडे व उजवीकडे झुकू शकत नाही. दोन बटणे मात्र एकदम दाबता येतात. मग यंत्राने समजावयाचे काय? दोन्ही दिशा परस्परांस छेदतात असे मानावे, की शेवटी दाबलेली खरी मानावी? हा निर्णय पेटीतील बोर्ड करतो, आणि बोर्ड तर खेळाडूच्या स्वाधीन. शेवटच्या बटणास मान दिला तर मागचे बटण न सोडताच दिशा पालटता येते, आणि दांडीस अशक्य असणाऱ्या काही करामती सुलभ होतात. २०१९ साली उमेहारासारख्या नामवंताने दांडी सोडून अशी पेटी हाती घेतली, तेव्हा हा वाद विशेष पेटला. ज्याच्या दांडीवरील टिचक्यांची कथा जगभर सांगितली जात होती, त्यानेच दांडी दूर सारली होती. पुढे २०२३ साली कॅपकॉमच्या अधिकृत स्पर्धामालिकेच्या नियमांत हा मुद्दा स्पष्ट करण्यात आला : परस्परविरुद्ध दिशा एकदम दाबल्या गेल्या तर पेटीने त्यांपैकी एकीची बाजू घेता कामा नये. दांडीवाचूनच्या पेटीस बंदी झाली नाही. फक्त खेळाडूच्या जागी पेटीने निर्णय घेऊ नये, एवढी सीमारेषा आखली गेली.

ही सीमारेषा मोठी अर्थपूर्ण आहे. बटण हळवे करावे, स्प्रिंग ताठ करावी, दांडी ठेवावी अथवा टाकावी. तो ज्याच्या त्याच्या हाताचा प्रश्न. परंतु एका दाबाने अनेक घावांची साखळी आपोआप सुटावी अशी योजना पेटीत केली, तर ती कोणत्याही सभ्य स्पर्धेत निषिद्ध आहे. साधनाने हातास साहाय्य करावे, हाताची जागा घेऊ नये, हा नियम कोणा तत्त्वज्ञाने घालून दिला नाही. भांडत, चुकत, सामने खेळत तो हळूहळू ठरत गेला.

या मोकळेपणाचा सर्वांत मोलाचा लाभ ज्यांस झाला, त्यांचा उल्लेख केल्यावाचून हा इतिहास पुरा होणार नाही. ज्यांचे हात किंवा बोटे इतरांसारखी चालत नाहीत, अशांना कारखान्यातून आलेली हातपट्टी म्हणजे बंद दरवाजाच. परंतु जेथे प्रत्येक बटण म्हणजे दोन तारांचा खटका असतो, तेथे ते बटण कोपराखाली ठेवता येते, पायाखाली ठेवता येते, हनुवटीपाशीही ठेवता येते. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली अपंग खेळाडूंसाठी काढलेल्या हातपट्टीच्या पाठीमागे साध्या जोडण्यांची एक ओळच दिली आहे. तीत कोणताही साधा खटका जोडता येतो. खेळघरातील जुने तीस मिलिमीटरचे बटणही त्यास चालते. फिटरची घाई, खेळाडूची हौस आणि अपंगाची गरज या तीन दूरच्या गोष्टी एकाच दोन तारांवर येऊन मिळतात.

भारतातही या दांडीची ओळख जुनी आहे. १९९० नंतरच्या दशकात मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत अनेक शहरांतील व्हिडिओ-पार्लरांत कॅपकॉमचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ हा १९९३ सालचा खेळ मुलांनी त्यातील एका वीराच्या नावावरून ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखला, आणि ‘किंग ऑफ फायटर्स’च्या १९९७ मधील अवतारावर शाळेनंतरचे अनेक तास व पुष्कळ नाणी खर्ची घातली. पुढे ती पार्लरे ओस पडली. १९५१ साली दिल्लीत ज्या आशियाई क्रीडास्पर्धांचा आरंभ झाला, त्यांच्या २०२३ साली चीनमधील हांगझोऊ येथे भरलेल्या सत्रात ‘स्ट्रीट फायटर ५’ हा पदकाचा खेळ होता. भारताचे दोन खेळाडू त्यात उतरले. सुवर्णपदक मिळाले ते दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यास. त्याचे वय तेव्हा ४४ वर्षांचे होते. म्हणजे ‘स्ट्रीट फायटर २’ निघाला तेव्हा तो शाळकरी मुलगा असला पाहिजे.

खेळघरे मिटली, कंपन्या बुडाल्या, यंत्रांच्या पिढ्यांमागून पिढ्या बदलल्या; तरी एक पिढी आपले कौशल्य पुढच्या काळात घेऊन जाऊ शकली. याचे एक कारण तिचा सराव हे होय, आणि दुसरे कारण तिच्या हातातील साधन उघडता येण्याजोगे होते हे होय. आजची बहुतेक उपकरणे डिंकाने चिकटवून, मळसूत्रे लपवून बंद केलेली असतात. ती मोडली की टाकावयाची असाच संकेत पडला आहे. अशा काळात चार मळसूत्रे सोडवून आपली पेटी उघडणारा, झिजलेला खटका काढून नवा बसविणारा आणि पुन्हा खेळावयास बसणारा हा खेळाडू रंधा परजणाऱ्या सुताराचा नव्या युगातील भाऊच म्हणावयास हवा.